झोपेत नाचणारे पाय

स्वप्नात मी नाचते. लहानपणापासून नाचत आले आहे. पायाखाली कधी लाकडी फरशी असते, कधी ओली वाळू, कधी जमीन म्हणावं असं काही नसतंच. पण पाय टेकायला काहीतरी मिळतं आणि तेवढं पुरतं. या स्वप्नांत बघणारे लोक नसतात. आरसाही नसतो. मी कशी दिसते हे मला ठाऊक नसतं आणि तो प्रश्न तिथे मनात येतही नाही. गिरकी घेताना पोटात जो हलका खड्डा पडतो तो मात्र अगदी खरा असतो. हालचाल खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात आणि तिथून बोटांच्या टोकांपर्यंत कशी उतरत जाते, ते जागेपणी कधी कळत नाही इतकं स्पष्ट कळतं.

आणि संगीत असतं. वाजवणारा दिसत नाही, वाद्य कोणतं तेही सांगता येत नाही. पुढचा सूर कोणता येणार हे मला आधीच माहीत असतं, तरी तो आला की आनंद होतो.

जाग आली की सगळ्यात आधी जातं ते हे संगीत. चेहरे टिकतात, जागा टिकतात, रंगसुद्धा थोडा वेळ रेंगाळतात. सूर उशीवरून डोकं उचलेपर्यंत गेलेले असतात. उशाशी फोन ठेवून, डोळे न उघडता जे आठवेल ते गुणगुणून रेकॉर्ड करायची सवय मी लावून घेतली आहे. सकाळी ऐकलं तर चार-पाच स्वरांचा एक तुकडा ऐकू येतो, मग एक लांब श्वास, मग पांघरुणाची सळसळ. स्वप्नात भरून राहिलेलं जे काही होतं, ते त्या तुकड्यात नसतं. पण एक गोष्ट बरेचदा उरते. गाणं पार पुसलं गेलेलं असतं आणि उजव्या पायाचा अंगठा पांघरुणाखाली ठेका देत असतो. सूर जातो, लय मागे राहते. असं का होत असेल, हा विचार मला आजवर सोडून गेलेला नाही.

जुझेप्पे तार्तिनी या इटालियन व्हायोलिनवादकाची हकिकत संगीतवाल्यांना ठाऊक असते. १७१३ मध्ये एका रात्री त्याला स्वप्न पडलं की त्याने सैतानाशी करार केला आहे. सैतान आपल्या चाकरीत आहेच, तर त्याला वाजवता येतं का बघावं म्हणून त्याने स्वतःचं व्हायोलिन त्याच्या हातात दिलं, आणि सैतानाने जे वाजवलं ते ऐकून त्याचा श्वास अडकला. जाग येताच त्याने व्हायोलिन घेतलं आणि ऐकलेलं पकडायचा प्रयत्न केला. त्यातून जी रचना झाली ती आपली सर्वोत्तम रचना आहे, पण स्वप्नात जे ऐकलं त्याच्या पासंगालाही ती पुरत नाही, असं त्याने पुढे लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला सांगितलं. लालांदने ते १७६९ मध्ये आपल्या इटलीच्या प्रवासवर्णनात छापलं. लोकांना या गोष्टीत सैतान आवडतो. मला आवडतो तो त्या माणसाचा सल. इतकं मोठं काम हातून झालं, जगाने वाहवा केली, आणि याच्या कानात मात्र आयुष्यभर ते दुसरं, न उतरवता आलेलं वाजत राहिलं.

तार्तिनी संगीतकार होता. पण ज्यांनी कधी वाद्य हातात धरलं नाही, त्यांना स्वप्नात काय ऐकू येतं? फ्लोरेन्समधल्या संशोधकांनी २००६ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यावसायिक संगीतकारांनी आणि संगीताशी संबंध नसलेल्या लोकांनी रोज सकाळी आपापली स्वप्नं नोंदवली. संगीतकारांच्या स्वप्नांत संगीत दुपटीहून अधिक वेळा आलं, हे ओघानेच आलं. खरी गंमत पुढे आहे. दिवसाचा रियाज किती तास होतो याच्याशी त्या स्वप्नांचा संबंध लागेना. संबंध लागला तो संगीत शिकायला कोणत्या वयात सुरुवात झाली याच्याशी. जितकं लहान वय, तितकी स्वप्नं गाणारी. शिवाय लोकांना आठवलेल्या संगीतापैकी जवळपास निम्मं हे माहितीतलं संगीत नव्हतंच, ते नवीन होतं.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं आपण म्हणतो आणि दिवसभराच्या काळज्यांशी त्याचा मेळ घालतो. हा अभ्यास वाचल्यापासून मला वाटतं, की त्या म्हणीतलं मन आजचं नसावं. दिवसभर डोक्यात घोळणारं स्वप्नात येतं ते येतंच, पण फार पूर्वी, कळायच्या आत, जे अंगात मुरलेलं असतं ते रात्री वर येतं. माझ्या नाचाच्या स्वप्नांचं तसंच असणार. मी नृत्य रीतसर शिकले ती थोडी वर्षंच आणि तीही शाळेत असताना. त्यानंतर आयुष्य वेगळ्याच वाटेने गेलं. रात्र झाली की मात्र पाय तिथेच परत जातात.

हे पाय त्या वेळी प्रत्यक्षात काय करत असतात? तर काहीही नाही.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि त्याचे मार्गदर्शक नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं, की झोपेत ठरावीक काळाने बंद पापण्यांमागे बुबुळं झपाझप हलू लागतात आणि तेव्हा माणसाला उठवलं तर तो बहुधा स्वप्न सांगतो. ॲसेरिन्स्कीने आपल्या लहान मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावून या कामाची सुरुवात केली होती. या झोपेला आज आपण रेम झोप म्हणतो. प्रौढ माणसाच्या रात्रीचा साधारण पाव हिस्सा तिच्यात जातो, आणि तान्ह्या बाळाच्या झोपेचा जवळपास निम्मा. स्वप्नं इतर झोपेतही पडतात, पण लांबलचक, रंगीत, हालचालींनी भरलेली स्वप्नं जास्त करून याच झोपेतली. काही वर्षांनी फ्रान्समधल्या लिऑं शहरात मिशेल जूव्हे यांना मांजरांवर काम करताना आढळलं, की या झोपेत मेंदू जागेपणाइतकाच खळबळत असतो आणि शरीराचे स्नायू मात्र पूर्ण सैल पडलेले असतात. मेंदूच्या देठातून खाली पाठीच्या कण्याकडे निरोप जातो, की आता हलायचं नाही. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल तेवढं मोकळं राहतं. जूव्हेंनी मेंदूतला तो रोखणारा भाग निकामी केला, तेव्हा मांजरं गाढ झोपेतच उठून दबा धरू लागली, न दिसणाऱ्या भक्ष्यावर झेप घेऊ लागली.

म्हणजे माझ्या गिरक्या खऱ्याच असतात. हुकूम खरोखर निघालेला असतो. खांद्याला, कोपराला, घोट्याला काय करायचं ते सांगून झालेलं असतं. वाटेत कुणीतरी दार लावून घेतलेलं असतं एवढंच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकाच वेळी भीती आणि दिलासा, दोन्ही वाटलं होतं. भीती अशासाठी, की रोज रात्री आपण काही काळ अक्षरशः बांधलेले असतो. दिलासा अशासाठी, की एवढ्या बंदोबस्तातही आतला नाच थांबत नाही.

पक्ष्यांचंही असंच आहे. झेब्रा फिंच नावाचा चिमणीहूनही लहान पक्षी आपलं गाणं बापाकडून ऐकून शिकतो. २००० साली शिकागो विद्यापीठातच अमिष दवे आणि डॅनियल मार्गोलिॲश यांनी झोपलेल्या फिंचच्या मेंदूतल्या पेशींचं काम नोंदवलं. जागेपणी गाताना त्या पेशी ज्या क्रमाने, ज्या वेळेच्या अंतराने पेटतात, तसाच नमुना झोपेतही उमटत होता. पक्षी झोपेत गाणं म्हणून बघत होता. पुढच्या संशोधनात असंही दिसलं, की झोपेत त्याच्या कंठाचे स्नायूही हलतात. त्यामागे गाण्याचा श्वास नसतो म्हणून आवाज फुटत नाही. कधी रात्री झाडाखालून जाताना मला हे आठवतं. वर फांद्यांवर आवाज न करता किती रियाज चालला असेल!

आता दिवसाकडे येऊ, कारण मला खरं बोलायचं आहे ते दिवसाबद्दल.

रात्री मेंदू शरीराला बांधून ठेवतो, त्याला कारण आहे. बांधलं नाही तर आपण खिडकीतून झेप घेऊ. पण सकाळी ते दार उघडतं. पाय मोकळे, हात मोकळे, आणि संगीत तर आज माणसाच्या खिशातच असतं. आणि मग आपण काय करतो? स्वतःच दार लावून घेतो. गाणं लागतं, आतून हुकूम निघतो, आणि मानेपाशी कुठेतरी आपण त्याला अडवतो. इथे नको, आता नको, लोक काय म्हणतील, वय काय आपलं. रात्रीचं बंधन निसर्गाने घातलेलं आहे, ते मला मान्य आहे. दिवसाचं हे बंधन मात्र मला कधी पटलेलं नाही आणि दिवसेंदिवस कमीच पटत चाललं आहे.

गाणं ऐकताना निव्वळ कान काम करतात, हा आपला समज. मॉन्ट्रियलमधल्या जॉइस चेन, व्हर्जिनिया पेनह्यून आणि रॉबर्ट झाटोरे यांनी २००८ मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये निजवून ताल ऐकवले. हलायचं नव्हतं, बोटही हलवायचं नव्हतं, आणि पुढे ताल धरायला सांगितलं जाणार आहे याचीही कल्पना दिलेली नव्हती. तरी मेंदूतले हालचालीची तयारी करणारे भाग जागे झाले. ताल ऐकणं म्हणजेच आतल्या आत हलायला लागणं. मैफलीत खुर्चीवर ताठ बसलेला श्रोतासुद्धा आतून नाचत असतो.

मला आता हा आतला नाच बाहेर कुठे कुठे फुटतो ते बघायचा नाद लागला आहे. लोक स्वतःला कितीही बांधोत, कुठेतरी फट राहतेच. बसमध्ये कानात इअरफोन घालून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा कोरा असतो, पण दांडा धरलेल्या हाताची तर्जनी हलत असते. रांगेत उभी असलेली बाई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेते, पुन्हा पहिल्यावर, आणि थोडं लक्ष दिलं की कळतं, कुठूनतरी ऐकू येणाऱ्या गाण्याशी ते बरोबर जुळलेलं आहे. गाडी सिग्नलला थांबते आणि स्टिअरिंगवर अंगठे वाजतात. कणीक मळणाऱ्या हातांना लय असते, ती गाणं लागलं की बदलते. एकदा एका कार्यालयात रात्री फरशी पुसणारा मुलगा पाहिला. लांब काठीचा पोछा होता. तो मागे मागे सरकत पुसत होता, आणि दर चौथ्या फटकाऱ्याला काठी मनगटातून अशी फिरवत होता की पोछा आपोआप कोपऱ्यात जाऊन वळत होता. त्याने काठी फिरवली की त्याची टाचही तेवढीच फिरायची. कानात काहीच नव्हतं, गाणं त्याच्या आतलंच होतं. मला बघितल्यावर तो थांबला आणि साधं पुसू लागला. मी तिथून लवकर बाजूला व्हायला हवं होतं, असं अजून वाटतं.

नाचता येईना अंगण वाकडे. ही म्हण मुलांच्या कानावर फार लवकर पडते, आणि तिच्यातून नकळत एक गोष्ट शिकवली जाते, की नाच ही येण्याची किंवा न येण्याची गोष्ट आहे, तिच्यात पास-नापास असतं. मूल दीड-दोन वर्षांचं असताना कुणी त्याला नाच येतो का असं विचारत नाही. गाणं लागलं की ते गुडघ्यात वाकून वर-खाली होतं, एवढंच. २०१० मध्ये मार्सेल झेंटनर आणि तुओमास एरोला यांनी पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना संगीत आणि माणसांचं बोलणं असं दोन्ही ऐकवून पाहिलं. संगीताला मुलं कितीतरी जास्त हलली, आणि ज्यांची हालचाल तालाशी अधिक जुळत होती ती हसलीही अधिक. ताल सापडल्याचा आनंद असा आपसूक आलेला असतो. मग एक दिवस पाहुण्यांसमोर, ‘नाचून दाखव’ असं सांगितलं जातं, आणि त्या ‘दाखव’मध्ये काहीतरी कायमचं बिघडतं. त्या दिवसापासून मूल नाचताना समोरच्याच्या तोंडाकडे बघू लागतं.

रंगमंचावरच्या नृत्याला मी कमी लेखत नाही. तिथली मेहनत, तिथलं व्याकरण, कथकमधल्या एका तत्कारासाठी, म्हणजे पायांच्या बोलांसाठी झिजवलेल्या टाचा, हे सगळं मला माहीत आहे आणि त्याच्यापुढे मी मान लववते. पण ती कला थोड्यांची आहे. मी म्हणते आहे ती गोष्ट सगळ्यांची आहे, अगदी जन्मतः.

जन्मतः हा शब्द मी मोजून वापरते आहे. इस्तवान विंक्लर, हेंक्यान होनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला आजवर वाचलेल्या प्रयोगांतला सर्वात सुंदर वाटतो. बुडापेस्टमध्ये दोन-तीन दिवसांच्या बाळांना, ती झोपलेली असताना, ड्रमचा एक साधा ठेका ऐकवला. डोक्याला मेंदूचे तरंग टिपणाऱ्या तारा लावल्या होत्या. ठेका चालू असताना मधूनच एखादा ठोका गाळला. कमी महत्त्वाचा ठोका गाळला तर बाळांच्या मेंदूला विशेष काही वाटलं नाही. पण आवर्तनाचा पहिला ठोका, ज्याला आपण सम म्हणू, तो गाळला की मेंदू दचकला. काहीतरी यायला हवं होतं आणि आलं नाही, हे त्याला कळलं. ज्या जिवाने अजून नीट डोळे उघडून जग पाहिलं नाही, तो झोपेत समेची वाट बघत होता.

तबल्याची मैफल ऐकताना समेवर सगळ्या सभागृहाची मान एकदम हलते, तेव्हा मला ही बाळं आठवतात. तीनतालाच्या सोळा मात्रांचा हिशोब त्यातल्या सगळ्यांना येतो असं नाही. सम कुठे आहे ते त्यांना शिकवावं लागलेलं नाही. माणसाबाहेर ही देणगी फार थोड्यांकडे आहे. कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षं राहूनही तालावर पाय टाकत नाही. स्नोबॉल नावाचा एक काकाकुवा मात्र टाकतो. अनिरुद्ध पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गाण्याची गती कमी-जास्त करून पाहिली, तर तो आपला नाच अधूनमधून त्या त्या गतीशी जुळवून घेत होता. जे प्राणी ऐकून आवाज शिकतात त्यांनाच तालावर हलता येत असावं, असं पटेल यांचं म्हणणं आहे. म्हणजे आपलं बोलणं, गाणं आणि नाचणं हे एकाच मुळाचे फाटे असतील. मला हे मनापासून पटतं.

स्वप्न, नाच आणि गाणं या तिन्ही गोष्टी मी एकत्र का आणते आहे, याचं उत्तर माझ्या मावशीपाशी आहे.

मावशी गात असे. स्वतःपुरतं, काम करता करता. नाचताना तिला कुणी पाहिलेलं नाही. काका मात्र सांगायचे, की हिचे हात झोपेत चालतात. आधी नुसते हात हलायचे, मग पाय झाडायला लागली, एकदा पलंगावरून खाली आली. सकाळी विचारलं तर मावशी म्हणाली, ‘अगं, मी नाचत होते. मोठं अंगण होतं, आणि कुणीतरी फार छान वाजवत होतं.’ सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. कुणी डॉक्टरकडे जायचा विचार केला नाही, करायचं कारणही दिसत नव्हतं.

पुढे काही वर्षांनी तिचा उजवा हात थरथरू लागला. अक्षर बारीक होत गेलं. चालताना तो हात अंगाशी धरल्यासारखा राहू लागला. पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टनी काकांना विचारलेल्या पहिल्या काही प्रश्नांत एक प्रश्न होता, ‘या झोपेत हातपाय मारतात का?’

जूव्हेंच्या मांजरांना जे कृत्रिमपणे झालं होतं, ते काही माणसांना आपोआप होतं. झोपेतलं ते रोखणारं दार नीट लागत नाही आणि माणूस स्वप्न प्रत्यक्ष जगू लागतो. कार्लोस शेंक, मार्क माहोवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये १९८६ साली या विकाराचं पहिलं नीट वर्णन केलं. पुढच्या काळात लक्षात आलं, की अशा बऱ्याच लोकांना काही वर्षांनी पार्किन्सन्स किंवा त्याच्या जातीचा आजार होतो. झोपेत कधीमधी हात उडाला म्हणून कुणी घाबरून जायचं कारण नाही. पण माणूस वारंवार स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टच्या कानावर घालावं.

या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या डोपामीन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. चालणं, वळणं, खुर्चीतून उठणं या गोष्टी आपण विचार न करता करतो, त्यांचा आतला ठेका या पेशींच्या भरवशावर चाललेला असतो. तो हरवतो. पायात ताकद असते, चालायची इच्छा असते, आणि पाऊल निघत नाही. दाराच्या चौकटीत हे जास्त होतं, अरुंद जागी जास्त होतं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि पाय जमिनीला खिळून जायचे. आम्ही मागे उभे राहून ‘चल ना’ म्हणायचो, त्याने ती आणखीच अडायची. ‘थांब गं,’ ती म्हणायची, ‘मी सांगतेय त्याला, तो ऐकत नाहीये.’ ‘तो’ म्हणजे तिचा पाय.

फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, मोजत चाला. मी एक-दोन, एक-दोन म्हणू लागले. थोडं जमलं. मग एक दिवस मावशीच वैतागली. ‘मोजू नकोस. शाळेत कवायत करतेय असं वाटतं. काहीतरी म्हण.’ मला त्या घडीला गाणं सुचेना, म्हणून मी केहरवा म्हटला, आठ मात्रांचा साधा ताल. धा गे ना ति, न क धि न. दुसऱ्या आवर्तनाच्या ‘धा’ला तिचा डावा पाय चौकटीपलीकडे पडला. मग उजवा. ती ओट्यापर्यंत न थांबता गेली आणि तिथे ओट्याला हात टेकून माझ्याकडे वळून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आजारामुळे आता फारसे भाव उमटत नाहीत, पण त्या दिवशी उमटले.

यात चमत्कार नाही, हे मला नंतर वाचून कळलं. आतला ठेका हरवला तरी कानातून आलेला ठेका मेंदूतल्या दुसऱ्या वाटांनी पायांपर्यंत पोचू शकतो, असं मानलं जातं. मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं होतं, की पार्किन्सन्सच्या रुग्णांनी काही आठवडे तालावर चालायचा सराव केला तर त्यांचा वेग वाढतो आणि पावलंही लांब पडतात. न्यूयॉर्कमध्ये न्यूरॉलॉजिस्ट आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी त्याच्याही कितीतरी आधी असे रुग्ण पाहिले होते, ज्यांना चालता येत नव्हतं पण संगीत लागलं की नाचता येत होतं. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून पार्किन्सन्सच्या लोकांसाठी नृत्याचे वर्ग चालवले आहेत. तिथे त्यांना रुग्ण म्हणून नव्हे, नर्तक म्हणून शिकवतात. ही दृष्टी मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते.

पण या सगळ्यात मला जागच्या जागी खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच एका संशोधनाने. पॅरिसमधल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या ज्या रुग्णांना झोपेत हातपाय हलवायची खोड आहे, त्यांच्या जोडीदारांना विचारलं होतं, की झोपेतली हालचाल कशी असते. जोडीदारांनी सांगितलं, की झोपेत त्या हालचाली जागेपणीपेक्षा वेगवान असतात, ठसठशीत असतात, सहज असतात. दिवसा जो आवाज पुटपुटल्यासारखा येतो तो झोपेत स्पष्ट आणि मोठा येतो. व्हिडिओ घेतला तेव्हा तेच दिसलं, आणि त्या हालचालींत थरथर नव्हती.

मी हे काकांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मला वाटायचं मलाच तसं दिसतं. रात्री ती हात उचलते ना, तो पूर्वीसारखा उचलते.’

तेव्हापासून माझ्या स्वतःच्या स्वप्नांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. पूर्वी मला वाटायचं, की स्वप्नातला नाच ही जागेपणी न जमलेल्या गोष्टीची भरपाई आहे. आता तसं वाटत नाही. माणसाच्या आत हालचालीचा एक साठा असतो, आणि दिवसाच्या वाटा बंद झाल्या, मग त्या आजाराने असोत की संकोचाने, तरी तो आटत नाही. मावशीच्या वाटा आजाराने बंद केल्या आणि ती रोज एकेक दार खटखटावून उघडते आहे. माझ्या वाटा तर कुणीच बंद केलेल्या नव्हत्या. म्हणून मी आता घरात गाणं लागलं की नाचते. भांडी विसळताना, कपडे वाळत घालताना, फोनवर कुणी होल्डवर ठेवलं आणि तिकडून सुरावट वाजली तर तिच्यावरसुद्धा. कुणी आलं तर थांबत नाही. रात्री मिळायचा तो पोटातला हलका खड्डा दिवसाही मिळतो, हे मला फार उशिरा कळलं, पण कळलं याचा आनंद मोठा आहे.

मावशीबरोबरचा सराव चालू आहे. सहा मात्रांचा दादरा तिला मानवला नाही. धा धि ना, धा ति ना म्हणताना तीन मात्रांनी जोर दुसऱ्या पायावर जातो आणि तिचा तोल हलतो. केहरव्यात जोर दरवेळी डाव्यावरच येतो, तो तिला भरवशाचा वाटतो. गती तिच्या नेहमीच्या चालीपेक्षा किंचित जास्त ठेवायची, फार नाही. बोलांच्या जागी आता तिची आवडती गाणी आली आहेत, आणि ती चालता चालता स्वतःच गाते, त्यामुळे आवाजही सुटतो. सरळ चालणं बरंच सुधारलं आहे. वळताना मात्र पाय अडतात. जागच्या जागी वळायचं नाही, मोठं अर्धवर्तुळ घ्यायचं, असं फिजिओथेरपिस्टनी सांगितलं आहे, म्हणून सध्या आम्ही वळणाला एक पूर्ण आवर्तन देतो, आठ मात्रांत अर्धा फेरा. मी तिच्या उजव्या बाजूला, काका पुढे. सहाव्या मात्रेवर उजवा पाय अजून अडतो आहे. मावशीचं म्हणणं, लय थोडी वाढवली तर अडणार नाही. माझं म्हणणं, आधी गाणं बदलून बघू.